नसलेली चरबी : यकृत प्रत्यारोपणातल्या एका दात्याचं प्रकरण

पुण्यातल्या एका धर्मादाय रुग्णालयात मी प्रत्यारोपण समन्वयक आहे. म्हणजे ऑपरेशन सोडून बाकी सगळं करणारी बाई. कागदपत्रं, परवानग्या, पैशांची जुळवाजुळव, रात्रीचे फोन आणि कॉरिडॉरमध्ये गाठून विचारलेले प्रश्न. हे प्रकरण त्यातल्याच एका प्रश्नाचं आणि मी दिलेल्या उत्तराचं आहे. ज्याच्याबद्दल ते आहे त्या रुग्णाच्या धाकट्या भावाने हे वाचून होकार दिला आहे. ओळख पटेल असे तपशील आम्ही बदलले आहेत, त्यातले काही त्याच्याच सांगण्यावरून.

या हकिगतीत यकृतावरची चरबी तीनदा येते. दोनदा खरी, एकदा खोटी.

रुग्ण

सप्टेंबर २०२४. जुन्नर तालुक्यातले ४६ वर्षांचे टोमॅटो उत्पादक शेतकरी. घरात सगळे त्यांना दादा म्हणतात, म्हणून इथेही दादाच. गळ्यात तुळशीची माळ, आळंदीची वारी चुकवत नाहीत, दारूचा थेंब कधी घेतला नाही. मधुमेह मात्र १२ वर्षांचा, आणि एके काळी वजन नव्वदीच्या पुढे. मे महिन्यात रक्ताची उलटी झाली. नारायणगावच्या डॉक्टरांनी त्याच रात्री पुण्याला धाडलं. अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांना बँड घालून रक्तस्राव थांबवला गेला आणि घरात पहिल्यांदा ‘सिरॉसिस’ हा शब्द आला.

गावाने निकाल देऊन टाकला : चोरून पीत असणार. माळकऱ्याचं लिव्हर एरवी कसं जाईल? दादांना आजारापेक्षा हे जास्त लागलं होतं. पहिल्या भेटीत त्यांनी फाइल पुढे करण्याआधी गळ्यातली माळ बाहेर काढून दाखवली.

लिव्हर असंही जातं. मधुमेह, पोटाचा घेर आणि वर्षानुवर्षं साठत गेलेली चरबी यांतून यकृताला आधी सूज येते, मग व्रण पडून ते आकसतं, तोच सिरॉसिस. दारू न पिणाऱ्यांच्या या आजाराचं इंग्रजी नाव डॉक्टरांच्या जागतिक संघटनांनी २०२३ मध्ये बदललं, कारण जुन्या नावात ‘दारू नाही’ हे सांगण्यातच निम्मे शब्द खर्च होत होते. आपल्याकडे लोक अजून ‘फॅटी लिव्हर’च म्हणतात, आणि सोनोग्राफीच्या रिपोर्टवर तो शब्द दिसला की ‘सगळ्यांनाच असतं’ म्हणून कागद ड्रॉवरमध्ये टाकतात. दादांच्या ड्रॉवरमध्ये असे दोन कागद निघाले. ही झाली पहिली चरबी.

मे ते सप्टेंबर या चार महिन्यांत नेहमीचं सगळं झालं होतं. कावीळ उतरवून आणली होती. चुन्याच्या पाण्यात हात धुतले की पाणी पिवळं होतं, ते घरच्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. गुळवेलीचा काढा चालू होता. गुळवेलीवरून २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी यकृताला इजा झालेले रुग्ण नोंदवले आणि आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, तो वाद अजून मिटलेला नाही. ओपीडीत आम्ही त्यात पडत नाही. ‘काढा बंद करा’ एवढंच सांगतो.

आमच्याकडे आले तेव्हा दर दहा दिवसांनी पोटातलं पाणी काढावं लागत होतं, एका वेळी पाच-सहा लिटर, आणि सोबत अल्ब्युमिनच्या (रक्तातल्या एका प्रथिनाच्या) बाटल्या. मेल्ड स्कोअर २२. बिलिरुबिन, क्रिएटिनिन आणि रक्त गोठण्याची वेळ यांवरून तो काढतात (आता सोडियमही धरतात). ६ पासून ४० पर्यंत जातो, आणि जितका जास्त तितके पुढचे तीन महिने निघण्याची शक्यता कमी. दादांना प्रत्यारोपणाशिवाय वाट नव्हती.

पैशांचं थोडक्यात सांगते, कारण दर वेळी पहिला प्रश्न तोच असतो. पुण्यात सगळं धरून खर्च वीस लाखांच्या घरात जातो. धर्मादाय रुग्णालयातल्या राखीव खाटांसाठी उत्पन्नाची अट आहे : वर्षाला १,८०,००० रुपयांपर्यंत निर्धन, ३,६०,००० पर्यंत दुर्बल घटक. दादा दुसऱ्या गटात बसले. मुख्यमंत्री सहाय्यता निधी, एका देवस्थानाची मदत, गावकीची वर्गणी, आणि २०२३ च्या जुलैत नारायणगावच्या बाजारात क्रेटला २,००० च्या वर भाव गेला होता तेव्हाची शिल्लक. एरवी टोमॅटो रस्त्यावर ओतायची पाळी येते. दादा म्हणायचे, ‘पांडुरंगाने आधीच सोय करून ठेवली होती.’

कोण देणार

दोन वाटा असतात. मेंदूमृत व्यक्तीचं यकृत मिळावं म्हणून पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राकडे नाव नोंदवायचं, किंवा नात्यातल्या जिवंत माणसाने यकृताचा भाग द्यायचा. आम्ही दोन्ही एकदमच सुरू करतो. नोंदणी त्याच आठवड्यात झाली.

अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ चा. जवळचे नातेवाईक म्हणजे पती-पत्नी, आईवडील, मुलं, भावंडं. २०११ च्या दुरुस्तीने आजी-आजोबा आणि नातवंडं त्यांत आली. बाकी कुणाला द्यायचं असेल तर त्यामागे व्यवहार नाही हे परवानगी समितीला पटवावं लागतं. दादांचा रक्तगट बी. वहिनींचा ए, म्हणजे त्या बाद. आई सत्तरीच्या. बहिणीला मधुमेह. मुलगा चौदा वर्षांचा. उरले दोघे : ३८ वर्षांचा धाकटा भाऊ, रक्तगट ओ, आणि पुण्यात वसतिगृहात राहून शिकणारी १९ वर्षांची मुलगी, रक्तगट बी.

मुलीचा विषय घरात कुणी काढलाच नाही. ‘तिचं लग्न व्हायचंय, पोटावर एवढा व्रण घेऊन’ असं आजी म्हणाल्या आणि तो संपला. शिवाय गरजच नव्हती. भाऊ पहिल्या दिवशी बाह्या सरसावून आला होता. त्याचा सीटी स्कॅन बघून सर्जन खूश. चरबी नाही, शिरांची ठेवण सरळ, उजवा भाग ७८० ग्रॅम, मागे ३८ टक्के यकृत उरणार. दादांचं पाण्याविना वजन ६६ किलो. मिळणारं यकृत रुग्णाच्या वजनाच्या निदान ०.८ टक्के असावं हा साधारण नियम, इथे १.१८ येत होतं. इतका चांगला दाता वर्षात मोजकेच वेळा मिळतो.

बंद दाराआड

दात्याची मुलाखत एकट्याची होते. मानसोपचारतज्ज्ञ, मी आणि दाता. घरचं कुणी नाही, रुग्णावर उपचार करणारा डॉक्टरही नाही. त्याच्यावर दडपण आहे का, पैशांचा व्यवहार आहे का, धोका समजला आहे का, हे बघायचं असतं. धोका आम्ही आकड्यात सांगतो : उजवा भाग देणाऱ्या दात्याचा मृत्यू होण्याचं प्रमाण साधारण दोनशे ते पाचशे जणांत एक असं जगभर धरलं जातं. उरलेलं यकृत दोन-तीन महिन्यांत बऱ्यापैकी वाढतं, पण तेवढे दिवस जड उचलायचं नाही.

‘दादासाठी जीव देईन,’ हे त्याचं पहिलं वाक्य. बहुतेक जण याच वाक्याने सुरुवात करतात. मॅडमनी, म्हणजे आमच्या मानसोपचारतज्ज्ञांनी, साधा प्रश्न विचारला : ‘ऑपरेशननंतर तीन महिने क्रेट कोण उचलणार?’

तो हातांकडे बघत राहिला. मग एकेक करून आलं. सहा एकर, सातबारा सामाईक, सोसायटीचं कर्ज दोघांच्या नावावर. दादा तर अंथरुणावर. तोही पडला तर मजूर लावायलाही घरात माणूस नाही. पोरं सहा आणि तीन वर्षांची. दादाने स्वतःचं शिक्षण सोडून याला आयटीआयला घातलं होतं, त्यामुळे नाही म्हणायला तोंड नाही. चाळीस मिनिटं तो बोलला, आणि शेवटी म्हणाला, ‘ही सगळी कारणं खरी हायेत मॅडम. पण खरं म्हणजे मला भीती वाटते. घरी कुणाला सांगू नका.’

अशा वेळी नियम स्पष्ट आहे. दात्याचा होकार टेबलावर भूल चढेपर्यंत मागे घेता येतो, आणि त्याला कारण लागत नाही. त्याच्या वतीने टीमच ‘नाही’ म्हणते, म्हणजे त्याला घरी तोंड द्यावं लागत नाही. जिवंत दात्यांचं प्रत्यारोपण जिथे होतं तिथे बहुतेक ठिकाणी हीच रीत आहे, आणि ती बरोबर आहे असं मला आजही वाटतं. गुरुवारच्या मीटिंगमध्ये दोन मिनिटांत ठरलं : भाऊ दाता नाही. सर्जननी ७८० ग्रॅमच्या त्या कागदाकडे एकदा बघितलं आणि पान उलटलं.

आता माझी चूक.

कॉरिडॉरमध्ये वहिनी उभ्या होत्या, मागे धाकटी जाऊ. मी ठरलेलं वाक्य म्हटलं : ‘दाता म्हणून ते वैद्यकीयदृष्ट्या योग्य नाहीत, असं टीमचं मत आहे.’

‘म्हणजे काय निघालं भावजींच्या रिपोर्टमध्ये?’

‘दाता म्हणून योग्य नाहीत, एवढंच.’

धाकट्या जावेचा चेहरा पांढरा पडला. तिने भिंतीला हात लावला. ‘काही मोठं आहे का हो? कॅन्सर वगैरे?’

आणि मी म्हटलं, ‘छे छे, तसं काही नाही. लिव्हरवर थोडी चरबी आहे, बस.’

विचार करून बोलले नव्हते. आमच्याकडे नाकारल्या जाणाऱ्या दात्यांमध्ये हेच कारण सगळ्यांत जास्त वेळा निघतं, महिन्यातून अनेकदा मी ते वाक्य बोलते, जिभेवर होतं ते आलं. एका घाबरलेल्या बाईला धीर द्यायचा होता. तिला धीर आला. फाइलमध्ये मी काहीच खोटं लिहिलं नाही, तिथे ‘दात्याने माघार घेतली, गोपनीय’ असंच आहे. पण तिघींच्या त्या बोलण्यातून दुसरी चरबी जन्माला आली, आणि फाइल कुणी वाचत नाही.

चरबीचं पुढे काय झालं

चरबी हे असं कारण आहे जे कमी होतं. मी हे कसं विसरले? आमच्याच आहारतज्ज्ञांच्या खोलीबाहेर भिंतीवर तक्ता लावलेला आहे : दात्याने सहा ते आठ आठवड्यांत वजन आणि यकृतावरची चरबी कशी उतरवावी. अनेक दाते तसं करून पुन्हा येतात आणि देतात. वहिनींना हे दोन दिवसांत कळलं. लॉजवर शेजारच्या खोलीतल्या बाईंनी सांगितलं, ‘आमच्या दिराचंही तसंच होतं, रोज दोन तास चालवला त्याला.’ वहिनींनी तक्त्याचा मोबाइलवर फोटो काढला आणि गावी पाठवला.

मग भाकरी आणि पालेभाजी. तेल बंद, शेंगदाण्याची चटणी बंद, सकाळी कारल्याचा रस. पहाटे खोडदच्या रस्त्याला, दुर्बिणीच्या तबकड्या दिसतात त्या बाजूला, रोज आठ किलोमीटर. सोबत म्हणून पुतण्या सायकलवर. ऑक्टोबरअखेर दिवाळी आली; आईंनी चकलीचा डबा त्याच्यासमोरून उचलला. नसलेली चरबी उतरवण्यासाठी त्या माणसाचं वजन पाच आठवड्यांत ७१ वरून ६६ वर आलं. घरात त्याचं कौतुक चाललं होतं. दादांना तर भरून यायचं : धाकटा माझ्यासाठी जिभेवर दगड ठेवून राहिलाय.

त्याचा फोन आला तेव्हा मागे गाड्यांचा आवाज होता. ‘मॅडम, वहिनी विचारत्यात, परत सीटी कधी करायचा. काय सांगू?’

मला उत्तर देता आलं नाही. ‘उद्या फोन करते,’ म्हटलं.

मध्यंतरी, नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, यादीवरून फोन आला होता. पुण्यातच एका रुग्णालयात अवयवदान होत होतं. दादांना रात्री उपाशीपोटी बोलावून घेतलं, रक्त काढलं, अँटिबायोटिक तयार ठेवलं. पहाटे काढणाऱ्या सर्जनचा निरोप : यकृत पिवळट, कडा बोथट, चरबी फार, बायोप्सीतही तेच, घेत नाही. ही तिसरी चरबी, अगदी खरी. असं यकृत थंड पेटीतून काढून जोडलं की अनेकदा काम सुरू करत नाही, आणि मग दुसरं मिळवायला हातात मोजकेच दिवस असतात. दादांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, ‘सगळीकडे चरबीच आहे का हो मॅडम?’ मी खाली बघितलं.

मुलगी

मुलगी स्वतःच आली, घरी न सांगता, कॉलेजची बॅग पाठीवर. ‘काकांची चरबी उतरेपर्यंत बाबा राहतील का?’ असं तिने सरळ विचारलं. राहतील असं कुणी सांगू शकत नव्हतं. मेल्ड २५ झाला होता. कायद्याने अठरा पूर्ण झालेल्या माणसाचा होकार चालतो. तपासण्या सुरू केल्या.

तिचं वजन ४५ किलो. यकृत एकूण ८०० ग्रॅम : उजवा भाग ५४०, मागे २६०. दादांच्या वजनाशी गुणोत्तर ०.८२, मागे उरणार साडेबत्तीस टक्के. दोन्ही आकडे काठावर आत. निदान ३० टक्के मागे उरावं ही सीमा, आणि ३५ असले की सर्जन निवांत झोपतात.

मुलाखतीत ती डगमगली नाही. व्रणाचं विचारलं तर हसली. मॅडमनी नेहमीचा प्रश्न विचारला, ‘तुझ्याशिवाय दुसरं कुणी देऊ शकलं असतं तर?’ ती म्हणाली, ‘काका देणारच होते ना. त्यांचं लिव्हर बरोबर नाही म्हणून मी.’

मॅडमनी पेन खाली ठेवलं. माझ्याकडे बघितलं नाही, पण मला कळलं.

गुरुवारची मीटिंग

ही मीटिंग दर आठवड्याला असते. यकृतविकारतज्ज्ञ, दात्याच्या आणि रुग्णाच्या बाजूचे वेगवेगळे सर्जन, भूलतज्ज्ञ, आयसीयूचे डॉक्टर, रेडिओलॉजिस्ट, मानसोपचारतज्ज्ञ, आहारतज्ज्ञ, समाजसेवा विभाग, रक्तपेढी आणि मी. नोव्हेंबरच्या शेवटच्या गुरुवारी मी सगळं सांगितलं, कॉरिडॉरसकट.

रुग्णाच्या सर्जननी आधी कपाळाला हात लावला. ‘शिरांचं कारण द्यायचं होतं. पित्तनलिका वेडीवाकडी आहे म्हणायचं. शिरा काही चालून बदलत नाहीत.’ थोडे हसले लोक. खरं तर त्यांचं चुकीचं नव्हतं. खोटं बोलायचंच असेल तर निदान न बदलणारं बोलावं.

मॅडम हसल्या नाहीत. त्यांचा मुद्दा असा : मुलीचा होकार आपण सांगितलेल्या खोट्यावर उभा आहे. काका देऊ शकत नाहीत असं समजून ती आली. काका देत नाहीत हे तिला कळलं तर ती कदाचित तरीही देईल, कदाचित काकांकडे जाऊन भांडेल, कदाचित गप्प बसेल. पण तिला अर्धवट माहिती देऊन घेतलेली सही ही सही नाही. मग मुलाखतीचं व्हिडिओ चित्रीकरण कितीही नियमात असो.

यकृतविकारतज्ज्ञांचा संयम सुटला. मेल्ड २७ होता, आदल्या दिवशी दादांनी स्वतःच्या मुलाला ओळखलं नव्हतं, हात पुढे केले की पंजे फडफडत होते, म्हणजे आजार मेंदूपर्यंत पोचला होता. ‘आपण इथे नीतीवर बोलतोय आणि तिकडे सोडियम १२४ पर्यंत घसरलंय.’ त्यांचंही बरोबर होतं. या खोलीत बहुतेक वेळा सगळ्यांचंच बरोबर असतं, तीच अडचण.

दात्याच्या बाजूचे सर्जन शेवटी बोलले. ‘कागदावर बसतं. पंचेचाळीस किलोच्या पोरीच्या पोटात मी २६० ग्रॅम ठेवायचे. अजून एक आठवडा द्या, यादीवरून काही येतं का बघू.’ दात्याचा सर्जन वेगळा का असावा ते अशा वेळी समजतं. रुग्णाकडे बघणाऱ्याला २६० हा आकडा वेगळा दिसतो.

तीन पर्याय मांडले गेले. मुलीला खरं सांगायचं, म्हणजे काकाला दिलेला शब्द मोडायचा. काहीच न सांगता पुढे जायचं. किंवा काकालाच विचारायचं. तिसरा ठरला, आणि फोन अर्थातच माझ्याकडे आला.

मी त्याला आडपडदा न ठेवता सांगितलं : ‘चरबीचं मी बोलले, चूक माझी. तुमचं नाव पुढे येऊ देणार नाही. पण पुतणी त्या बोलण्यावर विश्वासून टेबलावर चढायला निघाली आहे.’ तो गप्प. दोन दिवसांनी सकाळच्या एसटीने शिवाजीनगरला उतरून थेट आला. पुतणीला घेऊन समोरच्या चहाच्या टपरीवर बसला. मी वरच्या मजल्यावरून बघत होते, ऐकू काही येत नव्हतं. बराच वेळ तोच बोलत होता. मग तिने त्याच्यापुढचा गार झालेला चहा उचलून टपरीवाल्याला परत केला आणि दुसरा मागवला.

वर येऊन ती म्हणाली, ‘मला काकांनी सांगितलंय. माझा निर्णय तोच आहे. आणि हे घरी कुणाला कळता कामा नये.’

आता होकार स्वच्छ होता. २६० ग्रॅम मात्र २६०च होते.

वहिनींना मॅडमनी स्वतः बोलावून सांगितलं : भावजी दाता असणार नाहीत, वजन उतरलं तरी नाहीत, हा टीमचा अंतिम निर्णय आहे आणि त्याबद्दल त्यांना काही विचारू नका. वहिनींनी मान डोलावली. त्या दिवसापासून कारल्याचा रस बंद झाला. त्यांना काय समजलं ते त्यांनाच ठाऊक.

फोन

पुढच्या गुरुवारी मुलीबद्दल ठरायचं होतं. मंगळवारी रात्री पावणेबाराला केंद्राचा फोन आला : सोलापूर, चौतिशीतला तरुण, दुचाकीचा अपघात, डोक्याला मार. चार डॉक्टरांच्या मंडळाने सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासून मेंदूमृत घोषित केलं होतं, आणि त्याच्या आईवडिलांनी सही केली होती. रक्तगट बी.

आमची टीम रात्रीच निघाली. पुणे-सोलापूर अंतर अडीचशे किलोमीटर. सकाळी सर्जनचा फोटो आला : लालसर तपकिरी, धारदार कडा. खाली दोनच शब्द, ‘चरबी नाही’. यकृताचा रक्तपुरवठा बंद करून थंड द्रावण सोडलं की घड्याळ सुरू होतं. यकृत बारा तासांपर्यंत टिकतं असं म्हणतात, पण आठच्या आत काम उरकावं असा प्रयत्न असतो. पोलिसांनी रस्ता मोकळा ठेवला. इकडे ओटीत दादांचं जुनं यकृत बाहेर काढून तयारी होईपर्यंत पेटी दारात होती. सगळं मिळून सात तास वीस मिनिटं. संध्याकाळी नव्या यकृतातून पित्त येताना दिसलं.

मुलीबद्दलचा निर्णय आम्हाला घ्यावाच लागला नाही. हे आमचं कर्तृत्व नव्हे. सोलापूरच्या एका घराने घेतलेल्या निर्णयाने आम्हाला आमच्यातून सोडवलं. ते यकृत आलं नसतं तर गुरुवारी काय झालं असतं, याचं उत्तर मीटिंगमधल्या प्रत्येकाने मला वेगवेगळं दिलं आहे.

आठव्या दिवशी यकृताची एन्झाइम वाढली, बायोप्सीत रिजेक्शन दिसलं, म्हणजे शरीर नवं यकृत नाकारत होतं, स्टेरॉइडचे तीन मोठे डोस दिल्यावर उतरलं. साखर त्यामुळे भडकली. चोविसाव्या दिवशी डिस्चार्ज, मग तीन महिने धनकवडीत भाड्याची खोली, टॅक्रोलिमसची (रिजेक्शन रोखणाऱ्या औषधाची) रक्तातली पातळी, उकळलेलं पाणी, मास्क. शेताच्या मातीत हातमोज्यांशिवाय हात घालायचा नाही आणि फवारणीच्या जवळ जायचं नाही, हे शेतकऱ्याला समजावणं रिजेक्शनपेक्षा अवघड गेलं. त्या मोसमातला टोमॅटो धाकट्याने एकट्याने काढला.

आम्ही काय बदललं

आधीचं ठरलेलं वाक्य वाईट नव्हतं, ते अपुरं होतं. ‘वैद्यकीयदृष्ट्या योग्य नाही’ ऐकून कोणताही नातेवाईक ‘म्हणजे काय?’ विचारणारच, आणि आपल्या लोकांत हा प्रश्न आगाऊपणा नसतो, काळजी असते. दुसरा दोष असा की ज्यांच्यात खरंच दोष निघतो त्यांचं कारण आम्ही सगळ्या गोतावळ्यात सांगत होतो. मग एखाद्याचंच सांगितलं नाही की लोक समजायचं ते समजतात.

आता पहिल्याच भेटीत, रक्त काढायच्याही आधी, सगळ्या घराला एकत्र बसवून सांगते : प्रत्येक दात्याचा रिपोर्ट फक्त त्या दात्याचा. होकार असो, नकार असो, कारण आम्ही कुणालाच सांगणार नाही, अगदी रुग्णालाही नाही. चरबी खरी असली तरी ती दात्यालाच सांगतो, घरी सांगायचं की नाही ते त्याने बघावं. काही कुटुंबं चिडतात. ‘आमच्याच माणसाचा रिपोर्ट आम्हाला नाही?’ समाजसेवा विभागातल्या सहकाऱ्याला हे अजून पटत नाही. तो म्हणतो, खेड्यातल्या घरात गुपित म्हणजे संशय. असेलही. पण सगळ्यांचंच गुपित असलं तर निदान एकावर बोट दाखवलं जात नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये पुण्यात यकृत देणारी आणि घेणारी व्यक्ती दोघंही दगावल्याच्या बातम्या आल्या, तेव्हापासून तर मुलाखतीच्या खोलीत भीती हा शब्द लोक पहिल्या पाच मिनिटांतच उच्चारतात. धाकट्याला चाळीस मिनिटं लागली होती.

फेरतपासणी

जानेवारी २०२६. दादा ओपीडीत आले, वजन ७२, एन्झाइम नॉर्मल. सोबत मुलगी आणि धाकटा भाऊ. तपासणी झाल्यावर दादा उठेनात. डॉक्टरांना म्हणाले, ‘एक विनंती होती. याची सोनोग्राफी करून घ्या. सव्वा वर्षापूर्वी याच्या लिव्हरवर चरबी निघाली होती. माझंही तिथूनच सुरू झालं होतं. मला रात्री झोप लागत नाही त्याच्या काळजीने.’

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. धाकट्याने भिंतीवरच्या पोस्टरकडे. मुलगी मोबाइलमध्ये काहीतरी शोधू लागली.

सोनोग्राफी केली. रिपोर्ट नॉर्मल आला. दादांनी तो दोन्ही हातांत धरून वाचला, मग भावाच्या पाठीवर थाप मारली.

‘बघा मॅडम,’ ते म्हणाले, ‘आठ किलोमीटर चालायचा रोज. गेली की नाही चरबी?’